धान्यातील कीड आणि घरात ठेवलेली विषारी गोळी

वर्षाचे धान्य भरून ठेवणाऱ्या घरात पावसाळ्यात एकदा तरी कीड दिसतेच. मग कुणीतरी दुकानातून ‘धान्यात ठेवायच्या गोळ्या’ आणते. यातल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या (बोलताना अनेक जण ‘सल्फास’ म्हणतात) राहत्या घरात वापरल्या तर जीव जाऊ शकतो. म्हणून कीड कोणती, तिचा खरा त्रास किती आणि ती कशी घालवायची, हे आधी समजून घ्या.

कीड कशी ओळखाल?

गहू, तांदूळ, ज्वारीत पुढे सोंड असलेले काळपट बारीक किडे दिसले तर ते सोंडे. यांची मादी दाणा कोरून आत अंडे घालते आणि अळी आतच वाढते. त्यामुळे वरून छान दिसणारा गहू महिना-दीड महिन्यात पोकळ निघतो. मूग, चवळी, तूर, हरभऱ्यावर पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती भुंगेऱ्याची अंडी असतात. ही लागण पुष्कळदा शेतातूनच येते, त्यामुळे दुकानदाराला किंवा डब्याला दोष देण्यात अर्थ नाही. पीठ-रव्यात लालसर चपटे किडे आणि उग्र वास, किंवा धाग्यांची जाळी, हीही नेहमीची तक्रार.

असा एखादा किडा चुकून पोटात गेला तर सहसा काही होत नाही. दमा किंवा धुळीची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र किडलेले धान्य चाळू-पाखडू नये. कुबट वासाचे, बुरशी आलेले धान्य कितीही जिवावर आले तरी टाकून द्या.

गोळीचा धोका कशामुळे?

हवेतल्या ओलाव्याशी संयोग झाला की या गोळीतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम वायू तयार होतो. १० बाय १० फुटांच्या बंद खोलीत तो पसरला, तर हवेच्या दर १० लाख भागांत सुमारे २५ भाग होतो. कामगारांसाठी ८ तासांची मर्यादा ०.३ भाग धरतात. ही फक्त एका गोळीची गोष्ट झाली, आणि अशा खोलीत मुले रात्रभर झोपतात.

गोदामात पोती जाड आवरणाखाली हवाबंद करतात, माणसांना दूर ठेवतात आणि नंतर जागा मोकळी हवेशीर करतात. घरातली कोठी किंवा पलंगाखालचा कप्पा तसा हवाबंद नसतो. वायू फटींतून शेजारच्या खोलीतही जातो. लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येऊ शकतो, पण वास आला नाही म्हणून खोली सुरक्षित समजू नका.

केंद्र सरकारच्या नियमांनुसार या गोळ्या सरकारी यंत्रणेने किंवा मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरायच्या आहेत. ३ ग्रॅमच्या १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर २००१ पासून बंदी आहे. तरीही सुट्या गोळ्या हाती पडतात. पुडीवर नाव नसेल तर ती घरात आणूच नका.

लक्षणे कोणती?

मळमळ, उलट्या, पोटदुखी, डोकेदुखी, चक्कर, खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे, दम लागणे. सुरुवात उलट्यांनी झाली की घरचे लोक ‘काहीतरी बाधले’ असे समजतात, आणि नेमका तिथेच वेळ जातो. एकाच खोलीत झोपलेल्या दोघा-तिघांना एकदम त्रास होऊ लागला आणि घरात धान्याच्या गोळ्या किंवा नुकतीच औषधफवारणी झाली असेल, तर विषबाधा समजूनच पावले उचला. लहान मुलांना त्रास लवकर आणि जास्त होतो.

तातडीने काय करावे?

सगळ्यांना आधी घराबाहेर मोकळ्या हवेत न्या. जाता जाता दारे-खिडक्या उघडता आल्या तर उघडा, पण गोळ्या शोधत आत थांबू नका. गोळ्यांवर पाणी ओतू नका, त्याने वायू जास्त वेगाने निघतो. १०८ला फोन करा आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जा.

गोळी कुणी गिळली असेल तर मिठाचे पाणी पाजू नका, बोटे घालून उलटी करवू नका. तोंडाने श्वासही देऊ नका.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: “घरात धान्याच्या गोळ्या ठेवल्या होत्या.” या विषावर उतारा नाही. रक्तदाब, हृदय आणि श्वास सांभाळणे हाच उपचार, म्हणून लवकर पोहोचण्याला महत्त्व आहे. बरे वाटू लागले तरी डॉक्टर सोडेपर्यंत घरी येऊ नका, कारण फुफ्फुसांत पाणी होण्याचा त्रास उशिराही सुरू होतो.

मग किडीचे काय?

धान्य भरण्याआधी कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. गार झाल्यावरच कोरड्या, घट्ट झाकणाच्या कोठीत भरा. जुन्या धान्यावर नवे ओतू नका, कोठी आधी रिकामी करून पुसा. कडुलिंबाचा सुकवलेला पाला घालता येतो. तुरीला, गव्हाला एरंडेल चोळण्याची आजीची पद्धत आजही चांगली आहे. रवा भाजून ठेवा, थोडी कडधान्ये आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात भरा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर वर्षाऐवजी दोन-तीन महिन्यांचेच धान्य घ्या, हे माझे स्पष्ट मत आहे.

बोरिक पावडर अनेक घरांत वापरतात. तीही पोटात जाणे चांगले नाही, विशेषतः बाळाच्या खिमटासाठीच्या डाळ-तांदळाला ती लावू नका. पारद टिकड्या वेगळ्या असतात, पण त्यांचीही शिफारस मी करत नाही.

घरातल्या कोठीत आत्ता ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या असतील तर आजपासून त्या खोलीत कुणी झोपू नका. खिडक्या उघडा आणि परवानाधारक कीटकनियंत्रण करणाऱ्याला बोलावून गोळ्या काढून घ्या. उरलेली करडी भुकटीही हाताने गोळा करू नका. ती मोरीत, कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नका. न उघडलेली पुडी कोरडी राहील अशी घराबाहेर कुलपात ठेवा आणि विल्हेवाटीसाठी तालुका कृषी कार्यालयात विचारा.