सिम्हात तोरा

* सिम्हात तोरा : यहुदी पंचांगातील तिश्री महिन्याच्या २३ तारखेचा (इस्रायलमध्ये २२) सण. वर्षभर दर शब्बाथला क्रमाने चाललेले तोरा या धर्मग्रंथाचे वाचन या दिवशी संपते आणि त्याच बैठकीत ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायापासून पुन्हा सुरू होते. या सणातल्या सात फेऱ्या म्हणजे हकाफोत. चर्मपत्रावर हाताने लिहिलेले सेफेर तोरा हेखालातून, म्हणजे पवित्र कपाटातून, बाहेर काढतात आणि ते छातीशी धरून वाचनाच्या चौथऱ्याभोवती गात-नाचत प्रदक्षिणा घालतात. वडीलधारेही मनमोकळे नाचतात. मुले तर सर्वांत पुढे.

कोकणातल्या बेने इस्रायल यहुद्यांकडे हा आनंद मला फार मोलाचा वाटतो. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या तेली समाजाने पिढ्यान् पिढ्या धर्म जपला तो शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा’ची प्रार्थना यांच्या बळावर, हाती ग्रंथ नव्हता. जे इतका काळ दूर राहिले तेच उराशी धरून नाचायला मिळणे, हे या जल्लोषाचे खरे कारण. या समाजाचे पहिले सिनेगॉग, शार हरहमीम, सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात १७९६ मध्ये उभारले.