राखेच्या प्लांटमधून येणारा आकडा

लखनौच्या गोमती नगरात विभूती खंड नावाचा भाग आहे. एनटीपीसीचं उत्तर विभागाचं मुख्यालय तिथं आहे, आणि राज्यभरच्या विजेचा ताळमेळ राखणारं उत्तर प्रदेशचं भार प्रेषण केंद्रही तिथंच. आसपासच्या कॉलन्यांत वीज क्षेत्रातून निवृत्त झालेली माणसं भरपूर. संध्याकाळी उद्यानात फेऱ्या मारताना ही मंडळी ओबरा, अनपरा, शक्तीनगर, ऊंचाहार ही नावं माहेरच्या गावासारखी घेतात. माझे मामा त्यांच्यातलेच. मूळचे वर्ध्याचे, नोकरी सारी सोनभद्रच्या कोळशाच्या पट्ट्यात, आणि घर बांधलं ते इथं. मीही कंट्रोल अँड इन्स्ट्रुमेंटेशनमध्येच काम करते. त्यामुळे त्यांच्याकडे गेले, की घरच्या चौकशा लवकर आटोपतात.

मामांच्या गोष्टी हवेपासून सुरू होतात. सिंगरौली हे एनटीपीसीचं देशातलं पहिलं वीजकेंद्र. त्याचा २०० मेगावॉटचा पहिला संच फेब्रुवारी १९८२मध्ये ग्रिडला जोडला गेला. मामा ज्यांच्या हाताखाली काम शिकले, ते लोक त्याही आधीच्या संचांवर वाढलेले. बॉयलरजवळचा दाब तेव्हा बारीक नळीतून, हवेच्याच दाबाच्या रूपानं कंट्रोल रूमपर्यंत यायचा. ३ पीएसआय म्हणजे शून्य, १५ म्हणजे पूर्ण. पुढे नळीच्या जागी तार आली : ४ मिलिअँपिअर म्हणजे शून्य, २० म्हणजे पूर्ण.

शून्यासाठी ४ का? कारण तार तुटली, तर प्रवाह खरोखरचा शून्य होतो आणि काटा तळाच्याही खाली जातो. टाकी रिकामी नाही, मीटर मेला आहे, हे ऑपरेटरला त्या क्षणी कळतं. माझ्या मते गेल्या शतकातल्या उपकरणशास्त्रातली ही सगळ्यात शहाणी कल्पना आहे. मामांच्या वरिष्ठांनी ती त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवली होती : बातमी आणणाऱ्याला स्वतःच्या मरणाचीही बातमी देता आली पाहिजे.

मग संगणक आले, आणि ते दोन वेगळ्या घरांतून आले. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८-६९च्या सुमारास मॉडिकॉन ०८४ हा पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा नियंत्रक घडवला, तो मोटारींच्या कारखान्यातली रिलेंची कपाटं हटवण्यासाठी. डीसीएसचा, म्हणजे अख्ख्या कारखान्यावर पसरलेल्या नियंत्रण यंत्रणेचा जन्म १९७५चा, हनीवेल आणि योकोगावा यांच्याकडचा, तेल आणि रसायनांच्या अखंड चालणाऱ्या कारखान्यांसाठी. वीजकेंद्रात बॉयलर आणि टर्बाइन डीसीएसकडे गेले. राख, कोळसा, पाण्यातले क्षार काढणारा डीएम प्लांट आणि कॉम्प्रेसर पीएलसीकडे राहिले. याचं कारण तंत्रात कमी आणि टेंडरमध्ये जास्त आहे. प्रत्येक कामाचा ठेकेदार वेगळा, आणि तो आपल्या यंत्रांबरोबर आपल्या सवयीचा पीएलसी घेऊन यायचा. मामा सांगतात, एकाच केंद्रात चार कंपन्यांचे पीएलसी, आणि राखेच्या प्लांटची खबर मात्र मुख्य कंट्रोल रूमला फोनवर.

ही घरं जोडायची तर भाषा हवी. मॉडिकॉननंच १९७९मध्ये मॉडबस आणली होती. साधी, उघडी, कुणालाही वापरता येणारी. डीसीएस विचारतं, अमुक रजिस्टरमध्ये काय आहे? पीएलसी १६ बिटांचा आकडा पाठवतो. दशांशाचा आकडा एका रजिस्टरमध्ये मावत नाही म्हणून दोन लागतात; त्यातलं आधी कुठलं वाचायचं, यावर दोन कंपन्यांचं एकमत नसलं, तर ३२ अंश तापमानाच्या जागी पडद्यावर भलतंच काहीतरी उमटतं. पत्ते कुणी शून्यापासून मोजतं, कुणी एकपासून, आणि अख्खी यादी एका ओळीनं सरकते. या चुकांची मला भीती वाटत नाही. त्या पहिल्याच दिवशी दिसतात.

भीती वेगळ्याच गोष्टीची. एका केंद्रात, मामा तिथं कामाला असताना, राखेच्या पीएलसीकडून येणारा दुवा रात्रपाळीत बंद पडला. पडद्यावर शेवटचे आलेले आकडे तसेच उभे राहिले. धुरातली राख विजेनं पकडणाऱ्या ईएसपीच्या हॉपरमधली राखेची पातळी ठीक दिसत होती. प्रत्यक्षात ती चढत गेली, आणि वरच्या इलेक्ट्रोडना राख टेकून फील्ड ट्रिप झाल्यावरच कळलं. तुटलेली तार ओरडून सांगायची. हा दुवा मात्र मेल्यावरही जिवंतासारखा बोलत होता. ४ मिलिअँपिअरनं कमावलेलं शहाणपण नव्या तंत्रानं येताना बाहेरच ठेवलं होतं.

उपाय अवघड नाही. पीएलसीमध्ये दर सेकंदाला एकनं वाढणारा आकडा ठेवायचा. डीसीएसनं फक्त तो हलतोय का, एवढंच बघायचं. हलायचा थांबला, की त्या दुव्यावरून आलेल्या प्रत्येक आकड्यावर ‘अविश्वसनीय’ असा शिक्का. दुवेही दोन, वेगळ्या वाटांनी नेलेले. आणि ज्या संकेतावर संच थांबायचा किंवा वाचायचा आहे, तो दुव्यावर सोपवायचाच नाही. त्याला स्वतंत्र तार.

तारेचं आणखी एक कारण वेळेचं. ३० जुलै २०१२च्या पहाटे अडीचनंतर बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन ट्रिप झाली आणि उत्तरेचं ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिड गेली. साठ कोटींहून अधिक लोक विजेविना. उद्यानातली मंडळी अजून त्या दोन दिवसांवर तावातावानं बोलतात, आणि वाद नेहमी एकच : आधी काय गेलं? मोठ्या बिघाडात हाच प्रश्न प्रत्येक केंद्राच्या आतही उभा राहतो. साध्या मॉडबसमध्ये निरोपाबरोबर घटनेची वेळ येत नाही. डीसीएसनं सेकंदाला एकदा विचारलं, तर त्या सेकंदात कॉम्प्रेसर आधी थांबला की बॉयलर, हे कायमचं हरवतं. म्हणून महत्त्वाचे संकेत तारेनं डीसीएसच्या मिलिसेकंद नोंदवणाऱ्या कार्डावर घ्यायचे आणि सगळ्यांची घड्याळं जीपीएसशी बांधायची.

आता ही घरं नीट जोडण्याचं काम पूर्वीपेक्षा निकडीचं झालंय. दुपारी सौर वीज चढते आणि भार प्रेषण केंद्रं कोळशाच्या संचांना खाली यायला सांगतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या नियमांनुसार संचांना क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत उतरता आलं पाहिजे, आणि पुढे ४० टक्क्यांपर्यंत. बॉयलर रोज वर-खाली होणार, तर कोळसा, राख आणि पाणी यांनाही त्याच्या चालीनं चालावं लागणार.

नव्या केंद्रांत काही जण पीएलसी काढून सगळंच डीसीएसमध्ये घेतात. मला ते पटतं. सुटे भाग एकाच जातीचे, शिकायचं एकदाच. मामांना पटत नाही. ते म्हणतात, “अगं, दुवा तुटला तरी राख काढणं चालू राहिलं पाहिजे. ज्याचं काम, त्याचं डोकं त्याच्याजवळ असू दे.” राखेच्या बाबतीत मी त्यांचं ऐकलं. माझ्या हातातल्या कामात तिथला पीएलसी राहिलाय. हलणारा आकडा किती सेकंद थांबला म्हणजे दुवा मेला मानायचा, यावर मात्र आमचं जमलेलं नाही. मी दहा धरलेत. मामा तीनच्या वर जायला तयार नाहीत.