चेटकीण कोणी घडवली? बास्क पुराणकथा आणि चित्रपट

स्पेन-फ्रान्सच्या सीमेवर, पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला बास्क लोक राहतात. त्यांची भाषा कुठल्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही. त्यांच्या पुराणकथा आता चित्रपटांतून आपल्यापर्यंत पोचतात. पण चित्रपटांना त्या मिळाल्या कुठून? मला दोन जागा दिसतात. एक न्यायालय, दुसरी घरची चूल.

आधी न्यायालय. १६०९ साली फ्रान्सच्या बाजूला पिएर द लांक्र हा न्यायाधीश चेटकिणी शोधत फिरला. लोकांची जबानी तो दुभाष्यामार्फत घेई. पुढच्याच वर्षी स्पेनमधल्या लोग्रोन्यो इथे धर्मन्यायालयाने सहा जणांना जिवंत जाळलं. पाच जण आधीच मेले होते, त्यांच्या प्रतिमा जाळल्या.

पाब्लो अगुएरोचा ‘आकेलारे’ (२०२०) याच काळातला. ‘आकेलारे’ म्हणजे चेटकिणींचा मेळा. शब्दशः पाहिलं तर बोकडाचं कुरण. पकडलेल्या मुलींना कळतं, की न्यायाधीशाला सैतान ऐकायचाच आहे. मग वेळ काढण्यासाठी त्या तो रचून सांगतात. म्हणजे बघा, उत्तर प्रश्नातच दडलेलं होतं!

आता चूल. बारांदियारान नावाच्या धर्मगुरूने गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून कथा टिपून घेतल्या. त्यांतल्या एकीवर पॉल उर्किहोचा ‘एरेमेन्तारी’ (२०१७) आधारलेला आहे. इथला लोहार सैतानालाच कोंडून ठेवतो, आणि हरभरे सांडले की सैतान ते मोजत बसतो! भीती आहे, पण हसूही आहे. चित्रपट बास्क भाषेतच बोलतो.

सैतान दोन्हीकडे आहे. फरक आहे तो कोण कोणाला सांगतंय, आणि न सांगितल्यास काय होईल, यात.

आलेक्स दे ला इग्लेसियाच्या २०१३ च्या विनोदी चित्रपटात सुगारामुर्दी गावात खऱ्याखुऱ्या चेटकिणी आहेत. मीही हसलो. पण लोग्रोन्योला शिक्षा झालेल्यांत याच गावची माणसं होती, हे आठवलं आणि हसू थांबलं.

लोग्रोन्योच्याच तीन न्यायाधीशांपैकी एक, सालासार. पुढे तो गावोगाव फिरला, १८०२ जणांचे जबाब घेतले. त्यांत १३८४ तर मुलंच होती. त्याचा निष्कर्ष असा, की चेटकिणींबद्दल बोलणं-लिहिणं सुरू होईपर्यंत तिथे चेटकिणी नव्हत्याच. आपण आज पाहतोय-दाखवतोय, म्हणजे ते बोलणं पुढे चालवतोच आहोत. म्हणून पुढचा चित्रपट पाहताना एवढंच विचारा: ही गोष्ट चुलीपाशी सांगितलेली आहे, की कोठडीत?