विसर्जनाचा टेम्पो

30 सप्टेंबर 1993, सोलापूर. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून तुम्ही पाठ टेकली न टेकली तोच, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी फळीवरची भांडी खणखणली आणि अख्खी गल्ली रस्त्यावर आली. आता उन्हं वर आली आहेत. रेडिओवर भूकंपाच्या बातमीत किल्लारीचं नाव येतंय. मंडळाची पोरं तुमच्या तोंडाकडे बघतायत आणि समोर रात्रीची टाटा 407 उभी आहे. हौद्यात गुलालाचा थर, कोपऱ्यात भाड्याचा जनरेटर, हॅलोजनचे दिवे, वायरची भेंडोळी. एक पोरगा जनरेटर मांडववाल्याला परत द्यायला निघालाय. त्याला थांबवा. आज रात्री तोच लागणार आहे.

पुढचं फक्त तुम्हाला ठाऊक आहे. सुमारे 10 हजार माणसं गेली आहेत, 52 गावं होत्याची नव्हती झाली आहेत. दख्खनच्या पठाराचा हा भाग हलत नाही असं जवळजवळ सगळेच धरून चालले होते, भूकंपाचे नकाशेसुद्धा; म्हणून अशा कामाची तयार गाडी कुणाकडेच नाही. हे सांगत बसायला वेळ नाही. हौदा धुवायला लावा.

नियम एकच: त्या गावांकडून काहीही घ्यायचं नाही. पाणी नाही, डिझेल नाही, भाकरी नाही, पाठ टेकायला जागाही नाही. स्वतःचं पोट न भरता आलेले दहा स्वयंसेवक म्हणजे सरकारी छावणीत आणखी दहा ताटं.

पिंप घ्या, 200 लिटरचं. भरलं की पाण्याचंच वजन 200 किलो, म्हणून ते केबिनला चिकटून, दोरानं आवळून. ‘‘काठोकाठ भरा,’’ ड्रायव्हरमामा बजावतात, ‘‘अर्धं पिंप वळणावर डचमळतं आन् गाडी ओढतं.’’ उमरगा इथून जवळजवळ शंभर किलोमीटर. तिथून पुढे गावोगाव फिरणं, मग परतणं, आणि रात्रभर जनरेटर. टाकी फुल करून डिझेलचे दोन कॅन वेगळे ठेवा, अन्नापासून लांब, मागच्या फाळक्याशी. दोन स्टेपन्या, जॅक, हवेचा पंप. चार फळ्या आणि गोणपाटंही टाका. उद्या-परवा पाऊस झोडपणार आहे आणि काळ्या मातीत रुतलेलं चाक बाकी कशानं निघत नाही.

गल्लीतल्या काकू पोळ्या लाटायला बसल्यात. त्यांना हात जोडून सांगा, ‘‘काकू, पोळ्या नकोत, उद्या बुरशी धरेल. कडक भाकरी द्या.’’ ज्वारीची, पापडासारखी वाळलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चूल नको, भांडं नको, चार दिवस चिंता नको. सोलापूरच्या माणसाला हे शिकवावं लागू नये, पण घाईत माणूस ब्रेडकडेच धावतो.

हत्यारांवर मात्र वेळ घालवा. तिकडची घरं तुम्ही पाहिली आहेत: मातीत रचलेल्या दगडांच्या हात-दोन हात रुंद भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर मातीचं जाड माळवद. ते सगळं एकदम खाली बसलंय. दगड हातानं उचलायचे, माती घमेल्यानं, तुळई दोरानं. म्हणून पहारी, लांब आणि जड. फावडी, घमेली, कुऱ्हाडी, करवत, काथ्याचे दोर. गिरणीतला एक फिटर न सांगता चेनपुली घेऊन येतो. त्याला पुढच्या सीटवर बसवा. कातडी हातमोजे, नाकाला बांधायला पंचे, फिनेल, ब्लीचिंग पावडर, ताडपत्र्या. प्रेतं काढायची आहेत, हे पोरांना आत्ताच सांगा. ज्याला जमणार नाही त्यानं इथेच उतरावं. त्यात कमीपणा नाही.

आता जुन्या कपड्यांची बोचकी येऊ लागतात. एक पोरगा दहावं बोचकं वर फेकतो. ‘‘किती भरतो बे?’’ मामा ओरडतात. बोचकी उतरवा, त्याऐवजी चादरी टाका. देणाऱ्यांना राग येईल, येऊ द्या. किल्लारीच्या रस्त्याकडेला अशा कपड्यांचे ढीग भिजत पडणार आहेत.

हौद्याचा मागचा भाग मोकळा ठेवा. सामान उतरलं की जखमी घेऊन गाडीला सोलापूरच्या सिव्हिलला यायचंय. फिटर, पोरं आणि जनरेटर तिथेच राहतील.

गाडी निघते. नळदुर्ग मागे पडतं. उमरग्याला डावीकडे लातूरचा रस्ता, आणि तिथंच कोंडी: जीपा, ट्रॅक्टर, मोटरसायकलवर डबलसीट बघे. बघ्यांवर चिडून उपयोग नाही, पण चिडाल.

पोलीस काठीनं टपावर टकटक करतो. ‘‘काय आणलंय? कपडे?’’

‘‘पहारी, चेनपुली, जनरेटर. पाणी आमचं आम्ही आणलंय.’’

तो क्षणभर हौद्यात डोकावतो. ‘‘किल्लारीला समदेच चाललेत. तुम्ही सास्तूरला जावा. गाडी रस्त्यात लावू नका, तोंड माघारी करून ठेवा.’’

मामा गिअर टाकतात.