उतारवयाचा क्वार्टरबॅक आणि नवी आक्रमणपद्धती : पेटन मॅनिंगचा २०१५ चा हंगाम

अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार असतो. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो. तो सहकाऱ्याकडे फेकायचा, धावणाऱ्याच्या हाती द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचे, हे त्याच्यामार्फतच घडते. मात्र त्याने कोठे उभे राहावे आणि चेंडू मिळताच कोणत्या दिशेस वळावे, हे प्रशिक्षकाची आक्रमणपद्धती ठरवते. त्यामुळे संघाने पद्धत बदलली आणि क्वार्टरबॅक चाळिशीला टेकलेला असला, तर तो तीत बसेल काय, हा प्रश्न अटळ होतो. डेन्व्हर ब्राँकोज संघाचा २०१५ चा हंगाम हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

पेटन मॅनिंग तेव्हा ३९ वर्षांचा होता. मानेवरील शस्त्रक्रियांमुळे २०११ चा संपूर्ण हंगाम त्याला मुकावा लागला होता; इंडियानापोलिस कोल्ट्सने मुक्त केल्यावर २०१२ मध्ये तो डेन्व्हरला आला. २०१३ मध्ये त्याने ५५ टचडाउन फेका आणि ५,४७७ यार्ड असे दोन विक्रम एकाच हंगामात केले. जानेवारी २०१५ मध्ये संघ बाद फेरीत हरला, प्रशिक्षक जॉन फॉक्स गेले आणि संघाचे सूत्रधार जॉन एल्वे यांनी गॅरी कुबियाक यांना पाचारण केले. त्याच वर्षी मॅनिंगने १९० लाख डॉलरचे मानधन १५० लाखांवर आणण्यास संमती दिली.

कुबियाक यांची पद्धत जमिनीवरून सुरू होते. बचावाला रोखणारी आघाडीची फळी एकाच दिशेस सरकते आणि धावणारा खेळाडू तीत पडणारी फट हेरून घुसतो. क्वार्टरबॅक सेंटरच्या अगदी पाठीशी उभा राहून चेंडू थेट हातात घेतो, मागे वळतो आणि धावणाऱ्याला तो देतो किंवा दिल्याचा आभास निर्माण करतो. बचाव त्या बाजूस ओढला गेला की स्वतः विरुद्ध बाजूस पळत जाऊन धावता धावता चेंडू फेकतो. या शेवटच्या चालीस बूटलेग म्हणतात आणि साऱ्या पद्धतीचा डोलारा तिच्या धाकावर उभा असतो. क्वार्टरबॅक पळणारच नाही अशी खात्री असेल, तर कडेचा बचावपटू त्याच्यासाठी थांबत नाही, बेलाशक धावणाऱ्याच्या मागे लागतो. मंद पायांचा क्वार्टरबॅक अशा प्रकारे केवळ फेकीचेच नव्हे, तर धावांचेही नुकसान करतो.

मॅनिंगची हयात याच्या नेमक्या उलट पद्धतीत गेली होती. शॉटगन रचनेत तो सेंटरपासून पाच-सहा यार्ड मागे, बचावाकडे तोंड करून उभा राहत असे, आणि समोरची मांडणी वाचून ऐनवेळी चाल बदलत असे. त्याच्या ‘ओमाहा’ या आरोळीची एव्हाना दंतकथा झाली आहे. त्याचे सामर्थ्य डोळ्यांत होते. नव्या पद्धतीने त्याला प्रत्येक चालीत क्षणभर बचावाकडे पाठ करावयास लावले. वयाची चर्चा पुष्कळ झाली. पण माझ्या मते खरी अडचण त्या क्षणभराच्या पाठीत होती.

वयाने आपला वाटा घेतला होता, हेही खरे. उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांना संवेदना परतलेली नाही, असे त्याने स्वतःच सांगितले होते. बाल्टिमोरविरुद्धच्या पहिल्या सामन्यात डेन्व्हर १९-१३ असा जिंकला, परंतु मॅनिंगला एकही टचडाउन फेकता आला नाही. कॅन्सस सिटीतील दुसऱ्या सामन्यात त्याला पुन्हा शॉटगनमध्ये आणताच तीन टचडाउन आले. मग तडजोड निघाली ती पिस्तूल रचनेची : क्वार्टरबॅक सुमारे चार यार्ड मागे आणि धावणारा त्याच्या थेट पाठीमागे. मॅनिंगला समोरचे दिसत राही, कुबियाक यांची धाव टिकून राही. कागदावर ही तोड उत्तम होती. संघाने पहिले सातही सामने जिंकले, पण त्याचे श्रेय प्रामुख्याने वेड फिलिप्स यांच्या बचावफळीला द्यावे लागते.

१५ नोव्हेंबरला कॅन्सस सिटीविरुद्ध मॅनिंगने ब्रेट फार्व्हचा ७१,८३८ यार्डांचा कारकिर्दीचा विक्रम मोडला. त्याच सामन्यात त्याच्या २० पैकी केवळ पाच फेका यशस्वी झाल्या, चार प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेल्या आणि त्याला बाहेर बसवण्यात आले. डाव्या तळपायाची दुखापतही होतीच. ब्रॉक ऑस्वाइलरने पुढील सात सामन्यांस प्रारंभ केला. साखळीच्या अखेरच्या सामन्यात मॅनिंग उत्तरार्धात परतला. त्याच्या हंगामाची बेरीज नऊ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन अशी झाली.

तरीही संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला आणि ७ फेब्रुवारी २०१६ रोजी कॅरोलायनाला २४-१० असे नमवून विजेता ठरला. मॅनिंगच्या नावावर १४१ यार्ड होते आणि टचडाउन फेक एकही नव्हती. सामनावीर ठरला बचावपटू व्हॉन मिलर. मॅनिंग पद्धतीत बसला असे म्हणणे धाडसाचे होईल. त्याने एवढेच केले की सामना जिंकून देण्याचा हट्ट सोडला आणि बचावावर विसंबून चेंडू सांभाळला.

डेन्व्हरमध्ये याला एक जुना दाखलाही होता. जानेवारी १९९८ मध्ये ३७ वर्षांच्या एल्वे यांनी याच घराण्याच्या पद्धतीत, माइक शॅनहन मुख्य प्रशिक्षक आणि कुबियाक आक्रमणाचे समन्वयक असताना, पहिला सुपर बोल जिंकला, तोही अवघ्या १२३ यार्डांच्या फेकीवर. बाकी काम टेरेल डेव्हिसच्या १५७ यार्डांच्या धावांनी केले. फरक इतकाच की एल्वे यांचे पाय शाबूत होते.

७ मार्च २०१६ रोजी मॅनिंगने निवृत्ती जाहीर केली आणि ऑस्वाइलर ह्यूस्टनला गेला. पुढील हंगामात कुबियाक यांनी बहुतेक सामने तरुण ट्रेव्हर सिमियनच्या हाती सोपवले. संघ नऊ सामने जिंकला, सात हरला आणि बाद फेरीत पोहोचलाच नाही.