मोजपट्टी कोणाच्या भाषेतली?

आज एक साधा दिसणारा प्रश्न घेऊ या. मुलाला ऐकू येत नसेल, तर त्याची समज मोजायची कशी?

पहिला घोटाळा आमच्या तत्त्वज्ञांनीच केला. ॲरिस्टॉटल म्हणतो, ज्ञानाला सर्वांत जास्त हातभार कानाचा. म्हणून जन्मांधापेक्षा जन्मतः बहिरा माणूस बुद्धीनं मागे. पुढे १६३७ साली देकार्तनं वेगळं नोंदवलं. जन्मतः मूकबधिर माणसं आपल्या खुणा आपणच घडवतात, आणि त्यातच त्याला विवेकबुद्धी दिसली. अठराव्या शतकात पॅरिसला आबे द लेपे यांनी अशा खुणांच्या आधारे शाळा चालवली. पण १८८० च्या मिलान परिषदेत ठराव झाला, शिकवायचं ते बोलूनच. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे, बरं का!

आता मोजमापाकडे येऊ. १९०५ साली बिने आणि सिमाँ यांनी बुद्धिचाचणी तयार केली. तिच्यात बहुतेक प्रश्न बोलून विचारायचे, उत्तरंही बोलून द्यायची. अमेरिकेत पिंटनर आणि पॅटर्सन यांनी ही चाचणी कर्णबधिर मुलांना लावून पाहिली. त्यांच्या लक्षात आलं की इथे मूल नव्हे, मोजपट्टीच नापास आहे. १९१७ साली त्यांनी कृतींची चाचणी मांडली. लाकडी पाटीच्या खाचांत आकार बसवायचे, चित्रांचे तुकडे जुळवायचे. शब्दांची गरजच नाही.

यंत्रांचंही असंच आहे. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. कॉक्लिअर इम्प्लांट आवाजाचे विद्युत्संकेत करून ते थेट श्रवणाच्या मज्जातंतूला पोचवतं. १९९० साली अमेरिकेत लहान मुलांसाठी त्याला मंजुरी मिळाली. मोठीच गोष्ट झाली ही. पण यंत्र आवाज देतं, भाषा देत नाही. भाषा आईबाप, शिक्षक, सवंगडी देतात, मग ती बोलीची असो की खुणांची. आणि त्यासाठी पहिली काही वर्षं फार मोलाची असतात. ऑडिओग्रामवरून कळतं ते एवढंच, की मुलाला किती हळू आवाज ऐकू येतो. त्याला काय समजतं, ते त्या कागदावर नसतं.

शेवटी एक कबुली. फळ्याकडे तोंड करून बोलायची आम्हाला सवय. पहिल्या बाकावरचा एक विद्यार्थी श्रवणयंत्र लावायचा आणि आमचे ओठ वाचायचा. आम्ही पाठ फिरवली की त्याचा तास तिथेच संपायचा. तोंडी परीक्षेत तो अडखळला, आम्ही गुण कापले. पुढे त्याच प्रश्नाचं त्याचं लेखी उत्तर वाचलं. वर्गातलं सर्वांत नेमकं उत्तर होतं ते. तोंडीचे गुण मात्र तोवर कळवून झाले होते.

तेव्हा मंडळी, एखाद्या मुलाला येत नाही असं लिहिण्याआधी एवढंच बघू या, आपला प्रश्न त्याच्यापर्यंत पोचला होता का?