छायाचित्रांतील पोशाख

सोलापूर शहराशेजारीं, दक्षिण सोलापूर तालुक्यांत, कुंभारी हें गांव आहे. तेथें आज वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर झालेली मुलगी छायाचित्रासाठीं बसते, तेव्हां काय ल्यावें हा प्रश्न तिला फारसा पडत नाहीं. अंगांत पांढरा डगला, गळ्यांत स्टेथोस्कोप. पाहणारा तिचा व्यवसाय ओळखतो.

ही ओळख मात्र फार जुनी नव्हे. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराचा चित्रकार थॉमस ईकिन्स यानें 1875 सालीं शस्त्रक्रियेचें एक विख्यात चित्र काढलें. त्यांतील डॉक्टर काळ्या कोटांत आहेत. त्याच चित्रकाराच्या 1889 च्या चित्रांत डॉक्टर पांढऱ्या वस्त्रांत दिसतात. जंतूंविषयींचें ज्ञान मधल्या काळांत वैद्यांच्या अंगवळणीं पडत होतें. या दोन चित्रांच्या मधोमध, त्याच शहरीं, एका महाराष्ट्रीय स्त्रीनें आपलें छायाचित्र काढविलें.

ती स्त्री म्हणजे आनंदीबाई जोशी. 1865 सालीं जन्मलेल्या आनंदीबाईंचें लग्न नवव्या वर्षीं झालें. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल थोड्याच दिवसांत गेलें. परदेशीं वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय लोकांना रुचला नाहीं. 24 फेब्रुवारी 1883 रोजीं श्रीरामपूर येथें त्यांनीं भर सभेंत आपली बाजू मांडली आणि आहार, आचार व पोशाख यांत बदल करणार नाहीं, हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्द दिला. त्यामुळें त्यांची साडी ही आतां केवळ वस्त्र राहिली नाहीं. ती दिलेल्या वचनाची साक्ष झाली.

परंतु वचन देणें निराळें आणि पेनसिल्व्हेनियाचा हिंवाळा निराळा. कासोटा घालून नेसलेल्या नऊवारींत पोटऱ्या उघड्या राहतात. इकडे त्यांत कोणासही गैर वाटत नसे. तिकडे मात्र थंडीही सोसवेना आणि तेथील लोकांच्या दृष्टीस तें मर्यादेला सोडूनही दिसे. आनंदीबाईंनीं घागरा-झगा पत्करला नाहीं. त्यांनीं घोट्यापर्यंत अंग झांकणारी गुजराती पद्धतीची नेसण स्वीकारली. साडी राहिली, नेसण बदलली. शब्द मोडला नाहीं आणि देहाची हेळसांडही केली नाहीं.

10 ऑक्टोबर 1885 रोजीं स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत तीन विद्यार्थिनींचें एकत्र छायाचित्र निघालें. आनंदीबाई साडींत, जपानच्या के ओकामी किमोनोंत, आणि दमास्कसच्या सबात इस्लामबूली आपल्या देशाच्या वेषांत. तिघींपैकीं एकीनेंही युरोपीय झगा घातलेला नाहीं. त्या काळच्या साध्या कांचा निळा रंग पांढुरका आणि तांबडा रंग काळा उमटवीत. कुंकवाचा तांबडेपणा तींत टिकत नसे. कॅमेऱ्यानें रंग हिरावून घेतला, पण पदर, निरी आणि बसण्यांतील स्थैर्य तो हिरावूं शकला नाहीं. पाहणाऱ्याला माणसाची जात, देश आणि स्वाभिमान सांगण्याचें काम आतां नेसणीवरच आलें.

11 मार्च 1886 रोजीं आनंदीबाईंना एम्. डी. पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयानें ग्रासलेला देह घेऊन त्या मायदेशीं परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजीं पुण्यास निवर्तल्या. वय एकवीस. त्यांच्या हातून रोगी बरे व्हावयाचे राहिले. छायाचित्र मात्र मागें उरलें.

पुढें सोलापुरांतच जन्मलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस चीनमध्यें गेले आणि तेथील सैनिकी गणवेषांत त्यांचीं छायाचित्रें निघालीं. त्यांनीं परक्या देशाचा वेष घेतला, आनंदीबाईंनीं स्वदेशाचा राखला. दोघांनींही आपण कोणाच्या सेवेस उभे आहों हें वस्त्रानेंच सांगितलें. कुंभारीच्या मुलीचा पांढरा डगला तेंच सांगतो. त्याच्या आंत ती साडी नेसते कीं आणखी कांहीं, याचा जाब तिला भर सभेंत द्यावा लागत नाहीं. तो एकीनें तिच्यापूर्वींच देऊन ठेवला आहे.